‘पगारी लेखक पाहिजेत’ : कोल्हापुरात आम्हाला कसं गंडवलं

पटकथा लिहायची धडपड करणारी पोरं पोटासाठी काय काय करतात, हे ज्याला बारकाईनं ठाऊक आहे तोच त्यांना फसवू शकतो. आम्हाला फसवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. ‘तुला मोठा लेखक करतो’ असं तो कुणालाच म्हणाला नाही. तो म्हणाला, "महिन्याला 18,000, सात तारखेला खात्यावर. आणि दिवसाची नोकरी सोडायची नाही, संध्याकाळी सहानंतर या."

मी दिवसा उद्यमनगरात एका मशीनशॉपची बिलं आणि जीएसटी बघतो, रात्री लिहितो. आमच्यातला एकजण पहाटे म्हशींच्या धारा काढून दूध घालतो, मग दहावीच्या शिकवण्या घेतो. एक मुलगी घरबसल्या सबटायटल्स करते, मिनिटाच्या दरानं. आणखी एकजण लग्नातली निवेदनं, दूधसंस्थेचे अहवाल, निवडणूक आली की भाषणं असं मिळेल ते लिहितो. यातलं एकही काम कमीपणाचं नाही. पण मालिकेचं काम मिळालं तरी एपिसोडचे पैसे हातात यायला तीन-तीन महिने जातात, आणि तोवर घरातले विचारत राहतात, "ह्यातनं मिळतंय काय रं तुला?" दरमहा पगार, तोही लिहिण्याचा, हे ऐकल्यावर आम्ही सगळेच राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात गेलो.

ऑफिस साधंच होतं. भिंतीवर नटनट्यांबरोबरचे फोटो, टेबलावर मालिकेचं ‘बायबल’, म्हणजे पात्रं आणि कथेचा आराखडा, म्हणून एक जाड फाइल. बोलणं मात्र अगदी कोल्हापूरच्या माणसाच्या काळजाला हात घालणारं. "बाबूराव पेंटरांचं गाव हे. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. शूटिंगला मोरेवाडीची चित्रनगरी आहे, मग लेखक मुंबईचा कशाला?" यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. म्हणूनच पुढचं बोलणंही खरं वाटत गेलं.

मग दोन अटी आल्या. पहिली, प्रत्येकानं 8,500 रुपये भरायचे. मुंबईतल्या लेखक संघटनेचं कार्ड आणि पटकथेच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, दोन्ही मिळून. दुसरी, ‘टेस्ट’ म्हणून 24 एपिसोडची वनलाइन, म्हणजे थोडक्यात कथा, आणि त्यातल्या 5 एपिसोडची पटकथा-संवाद लिहून द्यायचे. सगळ्यांदेखत त्यानं भाषणं लिहिणाऱ्या मित्राच्या हातात 3,000 रुपये ‘ॲडव्हान्स’ म्हणून ठेवले. त्या नोटा बघितल्यावर बाकीच्यांनी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

करार 500 च्या स्टॅम्पवर होता. तो कागद आता माझ्यासमोर आहे. पुढच्या बाजूला ‘सर्व लिखाण व त्याचे हक्क कायमस्वरूपी कंपनीचे राहतील’ असं ठळक छापलंय आणि मानधनाच्या जागी नुसती टिंबं. मागच्या बाजूला स्टॅम्प घेणाऱ्याचं नाव आहे ते त्याचंही नाही, कंपनीचंही नाही. भलत्याच माणसाचं आहे, आणि कारण लिहिलंय ‘भाडेकरार’. स्टॅम्पवर खरेदीदाराचं नाव आणि कारण असतंच. सहीआधी कागद उलटा करून ते वाचा, आणि समोरच्याचं आधारकार्ड मागून ताडून बघा.

आमचे एपिसोड गेले, ‘चॅनलला नॅरेशन झालं’, म्हणजे गोष्ट ऐकवून झाली, असे निरोप आले, आणि मग फोन बंद. ऑफिसला कुलूप. घरमालक खाली आमच्यासारखाच भाड्यासाठी त्याला शोधत उभा होता.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण मला जास्त लागलं ते पुढचं. सबटायटल्स करणाऱ्या मैत्रिणीकडे पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून एक पीडीएफ आली, नव्या मालिकेचा प्रस्ताव म्हणून. आत मी लिहिलेलं गुळाच्या गुऱ्हाळावरच्या विधवा सासूचं पात्र, नावसुद्धा न बदललेलं, आणि माझ्या आत्तीच्या तोंडचा एक अख्खा संवाद. लेखक म्हणून तिसऱ्याच कुणाचं नाव. रात्री बारा-बारापर्यंत जागून लिहिलेलं ते त्यानं बाजारात मांडलं होतं.

वकिलांकडे गेल्यावर जे कळलं ते लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी कळायला हवं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती जशी लिहून काढली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणून तोंडी गोष्ट सांगून मोकळं होऊ नका. आधी लिहा, नोंदवा, मगच ईमेलनं पाठवा, म्हणजे तारीख राहते. माझ्या ईमेलची तारीख आज माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. हक्क द्यायचेच तर लेखी, सहीनिशी आणि मोबदला नमूद करून. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या लिखाणाची, चित्रपटगृहातले खेळ सोडून इतर वापराची रॉयल्टी करारात ‘सोडली’ असं लिहून घेता येत नाही.

संघटनेचं म्हणाल, तर मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व आपल्याला स्वतः ऑनलाइन घेता येतं आणि संहिताही तिथंच नोंदवता येते. मधल्या माणसाला पैसे द्यायचं कारणच नाही. टेस्टबद्दल माझं मत ठाम आहे. दोन सीन ही टेस्ट, पाच एपिसोड म्हणजे काम. कामाचे पैसे मागा. आणि काम देणारा कुठल्याही नावाखाली तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर तिथून उठा. कितीही नड असू दे, भावा, उठच.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढं सरकायच्या आत कळवलं तर बँकेत अडवता येते. आम्ही उशिरा गेलो, आमची नाही अडली. पोलिसांत आमचा एकत्रित अर्ज आहे, सोबत पैसे पाठवल्याच्या पावत्या, स्टॅम्पची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि ती पीडीएफ. भाषणं लिहिणाऱ्या मित्रानं ते 3,000 सुद्धा अर्जात लिहिले, कुणी विचारलं नसताना.

परवा सांगलीहून एका मुलीचा फोन आला. नाव वेगळं, नंबर वेगळा, पण बोलणं शब्द न् शब्द तेच. पगार आता 22,000 झालाय. तिनं अजून पैसे भरलेले नाहीत. मिरज, इचलकरंजी, साताऱ्याकडं कुणाला असा फोन आला असेल तर मेसेज पुसू नका, पैसे भरू नका, आणि भरले असतील तर लाजू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात आपला वेगळा अर्ज द्या.