पोहायला विहीर बरी की नदीचा डोह?

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला की पोरांचे पाय पाण्याकडे वळतात. पर्याय दोनच: केळीच्या मळ्यातली विहीर, नाहीतर गिरणा-तापीचा डोह.

डोह दिसायला सोपा. काठावरून चालत उतरता येतं, पाणी कोमट, जागा ऐसपैस. पण गिरणेच्या पात्रात वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की थेट डोक्यावरून पाणी. मागच्या वर्षीची खोली यंदा असेलच असं नाही. म्हणून आधी लांब काठीनं तळ चाचपायचा, सूर मारायचा नाही. पावसाळ्यात तर तापीत उतरूच नये. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की इथे ऊन असलं तरी पाणी चढतं.

विहिरीला ओढ नाही, हे तिचं मोठं सुख. मात्र कडेला उथळ भाग नसतो, दमलं तरी टेकायला काही नाही. पायऱ्या शेवाळलेल्या, आणि वरचं पाणी कोमट असलं तरी खाली गारठा. खरी भीती मोटारीची. केबल कुठे सोललेली असली तर पाण्यात करंट उतरतो. मालकाला विचारून मेन स्विच पाडायचा, नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही.

नवशिक्याला मी विहीरच सांगेन, पण पायऱ्यांची. कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक काठावर उभ्या, पोहता येणाऱ्या माणसाच्या हातात, आणि शेजारी हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब. आमच्याकडे ती ट्यूब कडुनिंबाला टांगलेली असते. हवा मात्र दरवेळी तपासावी लागते.