हायड्राने झाडं उतरवताना 3 टनी बेल्ट: आठ महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये, अवकाळीच्या तोंडावर, पॉलिएस्टरचे दोन चपटे बेल्ट घेतले. 3 टनी, पिवळे, 4 मीटर लांब. त्याआधी आमचं सगळं काम वायररोप आणि साखळीवर चालायचं. समुद्रपूर-हिंगणघाट भागात घरावर झुकलेला कडुनिंब, विहिरीवर आलेली चिंच, धुऱ्यावरची वाळलेली बाभूळ अशी कामं आम्ही घेतो. हायड्रा, म्हणजे ओझं उचलून चालणारी चाकांची क्रेन, भाड्याची, 14 टनी.

बेल्ट चांगला आहे, हे आधी सांगतो. वायररोप ओल्या सालीवरून सरकते, तिच्या तुटक्या तारा हातात घुसतात आणि ती घेऊन झाडावर चढणाऱ्या पोराचा खांदा भरून येतो. बेल्ट हलका असतो आणि सालीला नीट आवळून बसतो. पिवळा रंग म्हणजे 3 टन, अंगावरच्या तीन काळ्या रेघाही तेच सांगतात. निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर.

पण हे 3 टन सरळ लटकवल्यावरचे. झाडाच्या कामात आपण जवळजवळ नेहमी फास टाकतो आणि फासात ताकद 80 टक्क्यांवर येते, म्हणजे 2.4 टन. दोन बेल्ट लावून उचलताना ते जमिनीशी 30 अंशांपर्यंत पसरले, तर एकेकावर अख्ख्या ओझ्याएवढा ताण येतो. आमचा ऑपरेटर म्हणायचा, "भाऊ, सात पट ताकद असते म्हणतेत, चार टन उचललं तं काय होते?" ती सात पट झटक्यासाठी आणि झिजेसाठी ठेवलेली असते, उचलण्यासाठी नाही. हे त्याला मी जुलैपर्यंत नुसतं तोंडाने सांगत होतो.

जुलैमध्ये एका आजीच्या परसातला कडुनिंब उतरवत होतो. पावसाने पाला भिजून जड झालेला. मोठी फांदी फासात घेतली, पण करवत चालवण्याआधी हायड्राने बेल्ट नुसता ताठ केला होता, फांदीचं वजन अंगावर घेतलं नव्हतं. काप पुरा झाला तशी फांदी हातभर खाली आली आणि बेल्टला हिसका बसला. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, थरारला, काळ्या मातीत पुढची चाकं दबली आणि मागची हलकी झाली. ऑपरेटरने न घाबरता फांदी तिथेच मोकळ्या जागेत टेकवली. खाली कोणी नव्हतं, कारण सुरू करण्याआधी आजी म्हणाली होती, "बाबू, बकऱ्या तं सोडू दे आधी," आणि तेवढ्यात आम्ही अंगण रिकामं करून घेतलं होतं.

बेल्ट तुटला नाही. संध्याकाळी खाटेवर पसरून बोटाने चाचपला, तर फासाजवळ कडेचा विणलेला काठ अर्धा बोटभर फाटलेला. छाटलेल्या डहाळीचं टोकदार खुंट तिथे रुतलं होतं. तेव्हापासून खुंट साफ केल्याशिवाय आणि खाली जुन्या टायरचा तुकडा घातल्याशिवाय बेल्ट लावत नाही.

काप घेण्याआधी किती ओढून ठेवायचं, हेच या कामाचं मर्म आहे. ढिलं ठेवलं तर हिसका बसतो. जास्त ओढलं तर तुकडा सुटताच उसळून वर चढलेल्याच्या अंगावर येतो. म्हणून वजनाचा अंदाज हवा. 60 सेंमी जाड, 4 मीटर लांब बुंधा साधारण 1.1 घनमीटर भरतो. ओलं लाकूड घनमीटरला टनभर धरलं तर 1.1 टन झाले. शंका असेल तिथे तुकडा लहान करायचा. फास वजनाच्या मध्याच्या वर बसवायचा, नाहीतर तुकडा हवेत उलटतो. आणि 14 टनी हायड्रा 14 टन उचलते ती बूम आखूड आणि ओझं जवळ असताना. बूम बाहेर काढला की आकडा झपाट्याने उतरतो, बूम किती बाहेर असताना किती उचलायचं याचा तक्ता केबिनमध्ये बसूनच वाचायचा.

तक्रारी तीन. लेबलवरचा छाप चार महिन्यांत पुसट झाला. आमच्या कामात ऊन, चिखल आणि डिंक आलाच, पण लेबल न वाचता येणारा बेल्ट मी कामावर नेत नाही, त्यामुळे ही तक्रार मला मोठी वाटते. दुसरी, सोबत कडेचं कव्हर मिळालं नाही. तिसरी, टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर दुकानदाराने "पाठवतो" म्हणून दोन महिने लावले. पुढचा बेल्ट सर्टिफिकेट हातात आल्यावरच घेणार.

फाटलेला बेल्ट शेजारच्या एका कास्तकाराने मागितला. "ट्रॅक्टर ओढाले चालते ना." दिला नाही. त्याच्या देखत कोयत्याने मधोमध कापला, लेबलही कापलं, आणि दुसरा बेल्ट सावलीत, उंदीर पोचणार नाहीत असा, खुंटीला टांगून ठेवला आहे.