लहान कुत्र्यांचं जेवण: ठरलेल्या वेळा की दिवसभर भरलेली वाटी?

चिवावा, पॉमेरेनियन अशा छोट्या कुत्र्यांसाठी मी ठरलेल्या वेळांच्याच बाजूने आहे. दिवसभराचं खाणं मोजून दोन-तीन वेळा दिलं की पोटालाही सवय लागते. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढत असल्याने शी साधारण ठरल्या वेळी होते. शी पातळ झाली, चिकट झाली, तर लगेच लक्षात येतं. वाटी तशीच राहिली, तर काहीतरी बिघडलंय हेही कळतं.

वाटी कायम भरलेली असली की नेमकं हेच कळत नाही. शिवाय एवढ्याशा देहावर अर्धा किलो वाढला तरी तो जड होतो. ओलं खाणं तर तासन्‌तास उघडं ठेवूच नये.

मात्र दोन जेवणांत फार अंतर नको. रात्रभर पोट रिकामं राहिलं की काही कुत्री पहाटे पिवळा फेस ओकतात. झोपण्यापूर्वी थोडं खायला दिलं तर बहुतेकदा थांबतं. ओकारी चालूच राहिली तर पशुवैद्याकडे न्या. अगदी लहान पिल्लांची साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते, त्यांना दिवसातून चार वेळा तरी भरवा.

पद्धत बदलताना घाई नको. खाणंही बदलायचं असेल तर आठवडाभर जुन्यात नवं थोडंथोडं मिसळत जा.