सोझनीच्या नावाने विकलेला यंत्रावरचा स्टोल

काश्मीरला जाणाऱ्यांनी तिथल्या भरतकामाच्या वस्तू अवश्य घ्याव्यात. मात्र सोझनीचा, म्हणजे बारीक सुईने हाताने केलेल्या काश्मिरी भरतकामाचा, म्हणून दाखवलेला स्टोल पैसे देण्यापूर्वी उलटा करून नीट पाहावा, यासाठी हा अनुभव लिहीत आहे. श्रीनगरमध्ये गाडीच्या चालकाने आम्हाला ज्या दुकानात नेले, तिथे अस्सल पश्मिन्यावर हाताने सोझनी भरलेला, असे सांगून मला 18,000 रुपयांना विकलेला स्टोल प्रत्यक्षात मेंढीच्या लोकरीचा निघाला आणि त्यावरचे भरतकाम यंत्राचे निघाले.

विक्रेत्याने कारागिरीविषयी सांगितलेले जवळजवळ सगळे खरे होते, आणि फसवणुकीचे बळ त्यातच होते. पश्मिना जिच्यापासून बनतो ती लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांची तलम लव, ती चरख्यावर कातणाऱ्या स्त्रिया, नक्षीचा आराखडा काढणारा नक्काश, अक्रोडाच्या लाकडी ठशांनी कापडावर उमटवलेली ती नक्षी आणि मग एका बारीक सुईने महिनोन्महिने ती भरत बसणारा कारागीर, हे सारे त्याने बिनचूक सांगितले. दुकानाच्या कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ मांडीवर शाल घेऊन खरोखरच सोझनी भरत होते. त्यांची सुई कापडाचे वरवरचे मोजकेच धागे उचलत पुढे सरकत होती आणि त्या कामात खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्यांच्या मांडीवरची शाल आणि फळीवरून काढून माझ्यापुढे पसरलेला स्टोल यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, आणि तो आहे असेच वाटावे अशा बेताने सगळे बोलणे चालले होते.

त्यानंतर अंगठीतून स्टोल ओढून दाखवण्याचा ठरलेला प्रयोग झाला, ज्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण व्हिस्कोससकट कोणतेही तलम कापड अंगठीतून सहज निघते. मग झालरीतला एक धागा जाळून दाखवण्यात आला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरगळली. ही परीक्षा खोटी नाही, परंतु तिच्यातून तंतू प्राणिज आहे एवढेच कळते; साधी मेंढीची लोकरही अगदी तशीच जळते.

घरी परतल्यावर भरतकाम शिकवणाऱ्या एका परिचित बाईंनी भिंगाखाली स्टोलची मागची बाजू पाहिली आणि खरा प्रकार उघड झाला. वर लाल, हिरवा, निळा असा कोणताही रंग असो, खाली प्रत्येक टाक्यापाशी तोच पांढरा दोरा दिसत होता. तो यंत्राच्या बॉबिनचा दोरा होता. हाताच्या कामात एकच दोरा वर-खाली होत असल्याने मागेही पुढचेच रंग दिसतात. त्याहून बोलका पुरावा कोयऱ्यांचा होता. एका कोयरीतल्या फुलाची उजवीकडची पाकळी किंचित आखूड होती, आणि काठावरच्या प्रत्येक कोयरीत तीच पाकळी तेवढीच आखूड होती. हातानेही चुका होतात, पण एकच चूक त्याच जागी त्याच मापाने पुन्हा पुन्हा होत नाही. पुढे प्रयोगशाळेत तंतूंची जाडीही तपासून घेतली. काश्मीर पश्मिन्याच्या भौगोलिक मानांकनासाठी तंतू 16 मायक्रॉनपर्यंतचा, सूत हातकताईचे आणि विणकाम हातमागाचे असावे लागते. माझ्या स्टोलचा तंतू त्या मर्यादेच्या बराच बाहेर होता.

यंत्रावरचा माल यंत्रावरचा म्हणून, त्याच्या किमतीला विकण्यात काहीच गैर नाही. इथे मात्र कोपऱ्यात बसवलेल्या कारागिराच्या कष्टाची किंमत त्याने हातही न लावलेल्या मालावर वसूल केली गेली, आणि याचा संताप मला पैशांपेक्षा अधिक आहे.

तक्रार करताच विक्रेत्याने बिलाकडे बोट दाखवले. बिलावर केवळ ‘वुलन स्टोल, एम्ब्रॉयडरी’ असे लिहिलेले होते. पश्मिना, सोझनी किंवा हातकाम यांचा उल्लेखच नव्हता. सुदैवाने खरेदीपूर्वी घरच्यांना दाखवण्यासाठी त्यानेच मला व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्रे पाठवली होती आणि त्यांखाली ‘प्युअर पश्मिना, हँड सोझनी’ असे लिहिले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून मी तो संदेश जोडला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही दाद मागता येते, हे लेखी कळवल्यावर त्याचा सूर बदलला आणि पार्सलचा खर्च माझ्या माथी मारून त्याने रक्कम परत केली.

म्हणून तोंडी सांगितलेला प्रत्येक शब्द बिलावर लिहून घ्यावा, आणि पश्मिना असल्याचा दावा असेल तर श्रीनगरच्या चाचणी केंद्रातून मिळणारे, स्वतंत्र क्रमांक असलेले मानांकनाचे लेबल त्या वस्तूवर आहे का, हे पाहावे. आमच्यासोबतच्या एका कुटुंबानेही त्याच दुकानातून दोन स्टोल घेतले होते. त्यांच्या बिलावरही तेवढेच मोघम शब्द आहेत, आणि दाखवण्यासाठी कोणताही संदेश नसल्यामुळे त्यांची तक्रार अजून पुढे सरकलेली नाही.