स्वतः उभारलेला क्लस्टर की व्यवस्थापित? कापसाच्या हंगामाने लावलेला निकाल

कुबरनेटीस (अनेक मशिनींवर प्रोग्राम चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) लागतंच का, हा वाद मागे टाकून तुम्ही इथवर आला आहात असं धरतो. प्रश्न एवढाच उरतो: क्लाउडवर साध्या मशिनी घेऊन क्यूबएडीएम या उभारणीच्या साधनाने क्लस्टर, म्हणजे अशा मशिनींचा संच, स्वतः उभारायचा, की त्याचा कंट्रोल प्लेन, म्हणजे सगळा संच चालवणारा मेंदू, क्लाउडवाल्याच्या हवाली करायचा (हाच व्यवस्थापित क्लस्टर)? हिंगणघाट भागातल्या जिनिंगसाठी मी वजनकाट्याच्या पावत्यांची प्रणाली सांभाळतो. सर्व्हर मुंबईच्या रीजनमध्ये, मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात. दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत.

खर्चाचं आधी उरकतो. जीकेई (गुगलची व्यवस्थापित सेवा) आणि ईकेएस (ॲमेझॉनची) दोन्हीकडे क्लस्टरमागे तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर व्यवस्थापन शुल्क. नोड (प्रत्यक्ष काम करणाऱ्या मशिनी), डिस्क, लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा) वेगळे, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जीकेईत दर बिलिंग खात्याला महिन्याला ७४.४० डॉलरची सूट मिळते, त्यात एका झोनल (कंट्रोल प्लेन एकाच झोनमध्ये असलेल्या) किंवा ऑटोपायलट (नोडही गुगलच सांभाळतं अशा) क्लस्टरचं शुल्क निघून जातं. स्वतःच्या क्लस्टरला हे शुल्क नाही, पण कंट्रोल प्लेनची मशीन तुमच्याच बिलात येते. आणि एक मशीन पडली तरी ईटीसीडीचं (क्लस्टरची सगळी नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसचं) बहुमत टिकावं असं वाटत असेल तर अशा ३ मशिनी लागतात. एकाच मशीनवर भागवलं तरच ‘स्वतःचं स्वस्त’ हे गणित जुळतं. मी तसंच भागवलं होतं.

शिकायला मात्र स्वतःच्या क्लस्टरसारखं दुसरं काही नाही. ईटीसीडीचा स्नॅपशॉट घेणं, नेटवर्क प्लगइन बसवणं, एपीआय सर्व्हरचे (क्लस्टरला जाणारे सगळे हुकूम ज्यातून जातात त्याचे) लॉग वाचणं, हे सगळं मला त्या एका वर्षात आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लावला ती सांगतो. क्यूबएडीएमने बनवलेल्या कंट्रोल प्लेनच्या सर्टिफिकेटची (क्लस्टरचे भाग एकमेकांना ओळख पटवतात त्या डिजिटल दाखल्यांची) मुदत १ वर्ष असते. मूळ सीए (बाकीच्या सर्टिफिकेटवर सही करणारं सर्टिफिकेट) १० वर्षं चालतो, क्यूबलेटची (प्रत्येक नोडवरच्या एजंटची) सर्टिफिकेट आपोआप नवी होत राहतात, आणि वर्षातून एकदा आवृत्ती अपग्रेड केली तर बाकीचीही सोबतच नवी होतात. मी अपग्रेड केलं नव्हतं. चाललंय ते कशाला हलवायचं, हा विचार. आणि क्लस्टर उभारला होता हंगामाच्या तोंडावर, म्हणजे मुदतही बरोबर वर्षाने, ऐन हंगामातच संपणार होती.

मुदत संपल्या क्षणी बाहेरून काहीच बंद पडलेलं दिसत नाही, हा यातला सगळ्यात वाईट भाग. चालू पॉड (प्रोग्राम ज्यात चालतो तो कुबरनेटीसचा डबा) चालूच राहतात. डिसेंबरात दुपारी रॅम वाढवायला मी एक नोड रीस्टार्ट केला, आणि त्यावरचा पावतीचा पॉड परत आलाच नाही. संध्याकाळी काट्यावरच्या पोराचा फोन, “भाऊ, पावती निघून नाही राहिली. गाड्यांची रांग गेटाबाहेर गेली.” गावात चार वाजल्यापासून लाईन नव्हती, टॉवर अर्धमेला. स्लॅबवर चढून मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडला, तर क्यूबसीटीएलचं (क्लस्टरला हुकूम देणाऱ्या कमांडचं) एकच उत्तर: सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. उपाय तसा चार ओळींचा. एसएसएचने (दुरून लॉगिन करून) मशीनच्या आत जाऊन सर्टिफिकेट नवी करायची, मॅनिफेस्टच्या (कंट्रोल प्लेनचे भाग कसे चालवायचे ते सांगणाऱ्या) फाइली थोडा वेळ बाजूला काढून परत ठेवायच्या म्हणजे एपीआय सर्व्हर नव्याने उठतो, आणि ॲडमिनची कॉन्फिग फाइल बदलायची. पण सेशन दर दोन मिनिटाला तुटत होतं. दीड तास गेला. तेवढा वेळ काट्यावर हाताने पावत्या लिहिल्या, आणि पहाटेपासून नंबर लावलेले शेतकरी थंडीत गाडीवर बसून होते.

व्यवस्थापित क्लस्टरवर हे काम माझ्याकडे येतच नाही. तिथेही कटकटी आहेत. अपग्रेड तुमच्या मर्जीने थांबत नाही. झोनल क्लस्टरचं कंट्रोल प्लेन अपग्रेडच्या वेळी काही मिनिटं हाताशी नसतं, चालू पॉडला मात्र त्याने धक्का लागत नाही. ईकेएसवर एका आवृत्तीचा १४ महिन्यांचा नेहमीचा सपोर्ट संपल्यावरही तिथेच बसून राहिलात तर दर तासाला ०.६० डॉलर होतो, म्हणजे सहापट. आत काय चाललंय ते हात घालून बघताही येत नाही. पण देखभालीची वेळ आधी ठरवून देता येते. मी काटा बंद असतो ती रात्री २ ते ६ दिली आहे. घाईच्या आठवड्यांत अपग्रेड अडवूनही ठेवता येतं.

एकाच मशीनवर भागणार असेल तर के-थ्री-एस (हलकं, आटोपशीर कुबरनेटीस) हा मधला रस्ता चांगला आहे. त्याचीही सर्टिफिकेट वर्षाचीच, पण मुदत जवळ आली असताना सर्व्हिस रीस्टार्ट केली की ती नवी होतात.

तुमच्याकडे नागपुरात किंवा पुण्यात चोवीस तास चांगल्या नेटवर बसलेला माणूस असेल, तर कदाचित तुमचा निर्णय वेगळा होईल, आणि तो चुकीचा नसेल. मी एकटा आहे, आणि लाईन गेली की टॉवरही जातो. म्हणून गेले दोन हंगाम मी जीकेईवर आहे.

तरीही स्वतःचाच उभारणार असाल तर तो मे महिन्यात उभारा. जिनिंग बंद असतात, आणि पुढच्या वर्षीची मुदतही मे महिन्यातच येते.