एलएसडीचे पैसे घेतले आणि डिफरन्शियल वेल्ड करून दिला

रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, बसवून घ्यायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा आणि मग गॅरेजवाल्याला फोन करा. मला ज्यानं गंडवलं तो सराईत होता. त्याच्या जवळपास प्रत्येक वाक्यात अर्धं खरं होतं, म्हणून तर पकडायला वेळ लागला.

माझी गाडी कंपनीतून ओपन डिफ (साधा डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) आणि वर इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल अशी आलेली. ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त पडला की मागचं आतलं चाक सुटायचं (पकड सोडून जागीच गरगरायचं), पिवळा दिवा लुकलुकायचा, एबीएसचा पंप घुर्र करायचा आणि इंजिनाचा जीवच जायचा. यात बिघाड काही नाही, ओपन डिफचा स्वभावच तो. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, म्हणजे निसरड्यावरचं चाक जर १०० न्यूटन मीटरच पेलत असेल तर कोरड्यावरच्या चाकालाही १००च मिळतो, त्याची ताकद कितीही असो. ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं, तर सुटलेल्या चाकाला ब्रेक लावतं. समजा ३०० चा ब्रेक लावला, तर डिफच्या दृष्टीनं त्या बाजूला ४०० चा विरोध झाला, मग दुसऱ्या चाकालाही ४०० मिळतो. आयडिया झकास आहे, पण ते ३०० नुसते ब्रेक तापवण्यात जातात, आणि ब्रेक फार तापले की कंट्रोल युनिट हे काम थोडा वेळ बंद ठेवतं आणि नुसतं इंजिनाचं पॉवर कापत बसतं.

एलएसडी हेच काम ब्रेक न जाळता करतो. प्लेटावाला असेल तर क्लच प्लेटा दाबल्या जाऊन दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात, टॉर्सनसारखा हेलिकल असेल तर त्यात प्लेटाच नसतात, तिरके गिअर बॉडीवर दाबून घर्षण तयार करतात. हेलिकलचं बायस गुणोत्तर (पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या किती पट टॉर्क देता येतो ते) समजा अडीच असेल तर एका चाकावर १०० टिकत असताना दुसऱ्याला २५० पर्यंत जातो. फक्त एक चाक हवेत उचललं गेलं की गोची, कारण शून्य गुणिले अडीच शून्यच (आत प्रीलोडची, म्हणजे आधीपासूनच दाब देऊन ठेवणारी, स्प्रिंग वगैरे असेल तर थोडं काही मिळतं). तिथे मात्र ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोलच कामाला येतं. म्हणजे हे दोघं एकमेकांचे शत्रू नाहीत. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जोडगोळीत कंपनीनंच टॉर्सन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल दोन्ही एकत्र दिलेत.

आणि इथेच त्या गॅरेजवाल्यानं पहिली पुडी सोडली. म्हणे "साहेब, एलएसडी मेकॅनिकल, ट्रॅक्शन इलेक्ट्रॉनिक, दोघांचं जमत नाही, बसवल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागणार, त्याचं टेन्शन घ्यायचं नाही." बोलण्यात पक्का, टू-वे, वन-वे, रॅम्प अँगल असले शब्द धडाधड फेकत होता, आणि ते शब्द बरोबरच होते. टू-वे म्हणजे ॲक्सिलरेटर देताना आणि सोडताना दोन्ही वेळा लॉक होणारा, वन-वे फक्त देताना. मला प्लेटांचा टू-वे देतो म्हणाला, कोरा, बॉक्समधला.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा लिफ्टवरच होती. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, त्यानं डावं मागचं चाक हातानं फिरवलं आणि उजवंही त्याच दिशेला फिरलं. "बघा साहेब, ओपन असता तर उलटं गेलं असतं." हे पण खरंच आहे हो! ओपन डिफमध्ये एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरतं, नेटवर जिथे बघाल तिथे हीच टेस्ट सांगितलेली असते. पण ही टेस्ट एवढंच सांगते की दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली आहेत, कशानं बांधलीत ते सांगत नाही. प्लेटांनी बांधली तरी हाच निकाल, वेल्डिंगनं बांधली तरी हाच.

बाहेर पडल्यावर पहिल्याच यू-टर्नला मागून टायर किंचाळले आणि गाडीचा मागचा भाग टुणटुण उडत वळला. स्टेअरिंग पूर्ण काटलेलं असताना गाडी सरळच जायला बघत होती, जणू मागून कोणी ढकलतंय. फोन केला तर म्हणाला नव्या प्लेटा आहेत, चॅटर (थरथर, कुरकुर) होणारच, मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठचे आकडे मारा, बसतील. आता हेही खोटं नाही बरं का, नव्या प्लेटांना खरंच असं बेड-इन करतात (वापरून बसवतात) आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण सौम्य करणारं रसायन) घातला नाही तर प्लेटा कुरकुरतात. म्हणून मी आपला आठ काढत बसलो. मॉडिफायर पण ओतून घेतला, त्याचे पैसे वेगळे लावले.

फरक कसा ओळखायचा ते आता माहीत झालंय. प्लेटांचा आवाज हा डिफमधून येतो, धर-सोड, धर-सोड असा घरघर आवाज, आणि वापरानं किंवा मॉडिफायरनं तो कमी होतो. वेल्ड केलेल्यात आवाज टायरचा असतो, रबर रस्त्यावर घासल्याचा, तो पहिल्या दिवशी जेवढा तेवढाच शेवटपर्यंत. घासणारच ना, मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर गाडीनं एक पूर्ण गोल मारला की बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साधारण साडेनऊ मीटर जास्त जायचं असतं, गोल लहान असो की मोठा. ओपन डिफ तो फरक आरामात देतो, एलएसडी थोडा हट्ट करून देतो, वेल्ड देतच नाही, मग ते साडेनऊ मीटर टायरनं घासून भरून काढायचे.

दिवा तर पहिल्या दिवसापासून लागलेला. दोन्ही मागच्या चाकांचा स्पीड वळणातही तंतोतंत सारखा, पुढची चाकं आणि स्टेअरिंगचा सेन्सर सांगतायत गाडी वळतेय, कंट्रोल युनिटला ते पटेना आणि ते एरर टाकून गप्प. त्यावर गॅरेजवाल्या साहेबांचा उपाय काय, तर फ्यूज काढून टाका. त्या फ्यूजवर एबीएस पण आहे हे मी विचारल्यावर सांगितलं! ओल्या रस्त्यावर मागची चाकं एकमेकांना जखडलेली, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही. ओल्यात अशी गाडी आधी वळायलाच तयार नसते आणि मग एकदम मागून सुटते.

शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. त्यानं मागची दोन्ही चाकं उचलली, पोराला एक चाक घट्ट धरायला लावलं आणि दुसऱ्या चाकाच्या बोल्टमध्ये लांब पहार अडकवून वजन टाकलं. चांगल्या प्लेटांचा एलएसडी असेल तर एका ठराविक जोरानंतर प्लेटा सरकतात आणि चाक जड पण सलग फिरतं, तो जोर किती ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क रेंचनं मोजता येतो. माझं चाक एकटं केसभरही हललं नाही, पलीकडचा पोरगाच त्याच्या चाकासकट ओढला गेला. मग कव्हर उघडलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर चकचकीत किसाचा लगदा, आणि आत स्पायडर गिअरच्या (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या छोट्या गिअरच्या) दातांमध्ये वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे, कडेला छर्ऱ्यांचे दाणे तसेच चिकटलेले, साफ करायचीही तसदी घेतली नव्हती. कडक केलेल्या गिअरवर असं वेल्डिंग ठिसूळ होतं, त्याचा तुकडा निघून क्राऊन आणि पिनियनच्या (डिफला फिरवणाऱ्या दोन मुख्य गिअरच्या) मध्ये गेला तर मागची दोन्ही चाकं चालत्या गाडीत जाम.

ड्रिफ्टवाली (गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवणारी) मंडळी स्वतःहून वेल्ड करून घेतात, स्वस्तात काम होतं म्हणून, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्यांना माहीत असतं आत काय आहे ते. मला कोऱ्या एलएसडीचं बिल लावलं होतं.

जुना डिफ परत मागितला होता मी, तेव्हा "तो एक्स्चेंजमध्ये गेला" असं उत्तर मिळालं. गेला कुठला, माझ्याच गाडीत होता, माझाच ओपन डिफ वेल्ड करून परत बसवलेला. तेव्हा जुना पार्ट हातात घ्या, नवा पार्ट आत जायच्या आधी त्याच्यावरच्या नंबरचा फोटो स्वतः काढा, आणि बिलावर कंपनी, प्रकार, पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं "डिफ वर्क" लिहिलंय, त्यावरून काय सिद्ध करणार कप्पाळ.

जुनी गाडी "एलएसडीवाली" म्हणून विकत घेत असाल तर नुसत्या नावावर जाऊ नका. टोयोटाच्या काही गाड्यांत ऑटो एलएसडी नावाचं फीचर असतं, ते म्हणजे ओपन डिफवर ब्रेकनं केलेलं ट्रॅक्शन कंट्रोलच. विकणारा बटण दाबून दाखवेल आणि एलएसडीचा भाव लावेल. जुन्या बीएमडब्ल्यूच्या डिफवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, गुणोत्तराच्या आकड्याआधी एस अक्षर असेल तर एलएसडी, पण ती पट्टी एका बोल्टखाली लावलेली असते, दुसऱ्या डिफवरची काढून लावायला किती वेळ लागतो? आणि दुसऱ्या टोकाला, चाक उलटं फिरलं म्हणून चांगल्या माणसावर आळ घेऊ नका. प्रीलोड नसलेल्या हेलिकलमध्ये चाकं उचललेली असताना ती ओपनसारखीच उलट फिरू शकतात, आणि घासलेल्या प्लेटांचंही तेच होतं.

मी आता वापरलेला पण उघडून तपासलेला हेलिकल बसवलाय, एरर पुसून फ्यूज जागेवर घातला, दिवा परत लागला नाही. ओल्यात ट्रॅक्शन कंट्रोल अजूनही मध्ये येतं, पण आधीपेक्षा कमी आणि उशिरा. गॅरेजवाल्याला फोटो पाठवून पैसे मागितले तर आधी म्हणाला "लॉक तर झालं ना, लिमिटेडपेक्षा भारी." बरंच भांडल्यावर मजुरी परत द्यायला तयार झालाय, पार्टचे पैसे मात्र देत नाही, कारण म्हणे पार्ट तुमच्याकडेच आहे.