बँड, ॲप आणि वजनकाटा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनअखेर कार्यालयातील वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझे वजन ८८.४ किलो भरले. वय ४४ आणि उंची १६८ सेंटिमीटर असल्यामुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ३१ च्या वर गेला होता. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तेव्हा डॉक्टरांना फार काही बोलावे लागले नाही. रक्तदाब आणि साखर तपासून त्यांनी धावायला परवानगी दिली आणि त्याच आठवड्यात मी २,७९९ रुपयांचा फिटनेस बँड व १,४९९ रुपयांचा ‘स्मार्ट’ वजनकाटा विकत घेतला. फोनमध्ये तीन ॲपही घेतली: एक धावण्याची नोंद ठेवणारे, एक धावायला शिकवणारे आणि एक खाण्याचा हिशेब ठेवणारे. आज, एप्रिल संपताना, काटा ७९.६ दाखवतो आहे. माझी नोकरी हिशेबतपासणीची असल्यामुळे आकडा दिसला की त्यामागचे व्हाउचर मागण्याची सवय जडली आहे. यंत्रांनी दिलेल्या आकड्यांपैकी कोणत्यांचा मेळ बसला आणि कोणत्यांचा बसला नाही, एवढेच येथे लिहितो.

प्रथम पावलांबद्दल. गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी सोसायटीतील आरती आटोपून घरी आलो तेव्हा बँडने पावलांचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल मनगटावर थरथरून अभिनंदन केले. आरतीपूर्वी पाहिलेल्या आणि नंतरच्या आकड्यात साधारण नऊशे पावलांचा फरक होता आणि त्या अवधीत मी मांडवातील एका फरशीवर उभा राहून टाळ्या वाजवण्यापलीकडे काहीही केले नव्हते. बँडमधील सेन्सर पाय पाहत नाही, हाताच्या लयबद्ध हालचाली मोजतो. टाळ्यांना तशी लय असते. उलट बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एक किलोमीटर चालत आलो तर त्यातील निम्मी पावले गायब असतात. दिवसाला १०,००० पावले हे उद्दिष्टही कोणा डॉक्टरांनी ठरवून दिलेले नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने विक्रीस आणलेल्या पाऊलमापकाचे नावच मुळी ‘मांपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे होते आणि तेथून तो आकडा जगभर पसरला. मी पावलांचे उद्दिष्ट बंद करून ठेवले आहे.

अंतराचा मेळ बऱ्यापैकी बसला, पण तो बसवावा लागला. सप्टेंबरमधील एका रविवारी नागपुरातील मानकापूरच्या क्रीडा संकुलातील ४०० मीटरच्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या लेनमधून मोजून दहा फेऱ्या मारल्या. फोनमधील जीपीएसने ४.१३ किलोमीटर दाखवले आणि पावलांवरून अंदाज बांधणाऱ्या बँडने ३.५८. बँडमध्ये पावलाची लांबी हाताने भरण्याची सोय आहे. ती दुरुस्त केल्यावर फरक शंभर मीटरच्या आत आला. माझ्या मते बँड घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात हे करून घ्यावे, पण सोबत आलेल्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नव्हती.

जीपीएसची खरी परीक्षा आमच्या घराजवळच होते. मी खामल्याला राहतो आणि पावसाळ्यात चिखल टाळण्यासाठी छत्रपती चौकातून वर्धा रोडने धावत असे. तेथे खाली महामार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो अशी रचना आहे. या दुहेरी छताखाली उपग्रहाचे संकेत थेट पोहोचत नाहीत, खांबांवर आणि काँक्रीटवर आपटून वळसा घालून येतात आणि तेवढ्या वळशाने फोनचा हिशेब चुकतो. नकाशावर माझी रेषा दुभाजकावरून समोरच्या इमारतीत शिरून परत येताना दिसे आणि दोन किलोमीटरचे सव्वादोन होत. एका किलोमीटरला तर ॲपने ४ मिनिटे १० सेकंदांचा वेग नोंदवून मला पदक दिले, जेव्हा माझा त्या काळातील वेग ८ मिनिटांच्या आसपास होता. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर झाडी दाट असूनही असा घोटाळा कधी झाला नाही. त्यामुळे वेगाची तुलना करायची असेल तर मी तेथील नोंदीच धरतो.

फोनबाबत एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण तिच्यापायी माझ्या जुलैच्या पाच नोंदी अर्ध्यावर तुटल्या. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालू असलेली ॲप स्वतःहून बंद करतो. सेटिंगमध्ये जाऊन धावण्याच्या ॲपला या नियमातून सूट द्यावी लागते आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी ठेवावी लागते. तेथेच आणखी एक काम उरकून घ्यावे: आपल्या धावण्याचा नकाशा इतरांना दिसत असेल तर घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय चालू करावी, नाहीतर रोज पहाटे सव्वापाचला कोणत्या फाटकातून कोण बाहेर पडते याची जाहिरात आपणच करीत असतो.

आता कॅलरींकडे येतो, कारण तीन महिने माझे सर्वांत मोठे नुकसान तेथे झाले. खाण्याचे ॲप आणि बँड एकमेकांना जोडलेले होते. पाच किलोमीटर धावलो, म्हणजे सुरुवातीला अर्धे धावलो आणि अर्धे चाललो, की बँड ६१० कॅलरी खर्च झाल्याचे सांगे. खाण्याचे ॲप त्या ६१० कॅलरी माझ्या दिवसाच्या कोट्यात जमा करी आणि हिरव्या अक्षरांत ‘अजून एवढे खाऊ शकता’ असे दाखवी. मी तेवढे प्रामाणिकपणे खात असे. धावणे आटोपून परतताना चौकात तर्री पोह्यांची (वरून तिखट रस्सा घातलेल्या पोह्यांची) गाडी लागते आणि हिरवा आकडा पाहून मी तेथे थांबत असे. जुलै ते सप्टेंबर या काळात साधारण १३० किलोमीटर अंतर झाले आणि वजन उतरले ते १.१ किलो.

सप्टेंबरअखेर मी कागद घेऊन बसलो. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ८८ किलोच्या माणसाला पाच किलोमीटरला सुमारे ४४० कॅलरी लागतात. चालण्याला त्याहून कमी लागतात. शिवाय त्या पाऊण तासात घरी बसून राहिलो असतो तरी काही कॅलरी खर्च झाल्याच असत्या, त्या यातून वजा करायला हव्यात. म्हणजे बँड किमान दीडपट सांगत होता. नंतर वाचनात आले की ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटावर सात प्रकारची उपकरणे तपासली तेव्हा सातपैकी सहांनी हृदयाचे ठोके पाच टक्क्यांच्या आतील चुकीने मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. आमच्या कार्यालयात अशी खतावणी कोणी आणली असती तर ती त्याच पावली परत गेली असती.

दुसरी बाजू खाण्याची होती आणि तेथे चूक यंत्राची कमी, माझी जास्त होती. ॲपच्या यादीत ‘पोहे, एक वाटी’ होते, पण तर्री नव्हती. वडाभात आणि गोळाभात हे आमच्याकडचे भाताचे प्रकार तर शोधूनही सापडेनात. गोळाभातावर वरून जी चरचरीत फोडणी घेतात, ती मी एका रविवारी ताटात घेण्यापूर्वी मोजण्याच्या चमच्याने मोजली. माझ्या एका वाढणीवर तीन मोठे चमचे तेल पडत होते. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या फोडणीच्या ३६० झाल्या आणि आतापर्यंत मी हा सगळा प्रकार ‘साधा भात’ म्हणून नोंदवत होतो. आई हे मोजमाप पाहत उभी होती. ती मूळची वऱ्हाडातली आहे; तिचा अभिप्राय एवढाच होता, ‘‘त्या घड्याळाले काय समजते भूक?’’ तरीही त्या दिवसापासून तिने फोडणीची वाटी वेगळी ठेवायला सुरुवात केली आणि मी ताटात एक चमचाच घेऊ लागलो.

ऑक्टोबरपासून बँड आणि खाण्याचे ॲप यांची जोडणी तोडली, घरच्या पंधरा-वीस पदार्थांच्या नोंदी स्वतः तयार करून ठेवल्या आणि धावण्याच्या कॅलरी खाण्याच्या कोट्यात धरणे बंद केले. पुढील सात महिन्यांत ५१० किलोमीटर धावलो आणि ७.७ किलो वजन उतरले. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या तर ५१० किलोमीटरचे फार तर साडेपाच किलो निघतात. उरलेले ताटातून कमी झाले असे मी धरतो. पोह्यांच्या गाडीवर हल्ली फक्त रविवारी जातो. गाडीवाले विचारतात, ‘‘काहून साहेब, आजकाल पळत नाई का?’’ त्यांच्या दृष्टीने पळणे आणि पोहे यांचाच मेळ बसत होता.

हृदयाचे ठोके मोजण्याबद्दल माझे मत सुरुवातीला वाईट होते, पण नंतर सुधारले. बँडच्या पाठीवरील हिरवा दिवा त्वचेत प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक लहरीबरोबर परतणाऱ्या प्रकाशात होणारा बदल मोजतो. डिसेंबरच्या थंडीत, पारा दहाच्या आसपास असताना, धावायला सुरुवात करताच बँड १६४ ठोके दाखवू लागला, आणि मला तर दमही लागला नव्हता. घरी येऊन नोंद उघडली तेव्हा दर मिनिटाची पावलेही तितकीच, १६४, निघाली. गारठलेल्या मनगटात रक्त कमी खेळत होते, पट्टा सैल होता आणि बँड ठोके समजून माझी पावले मोजत होता. पुतण्याकडून छातीला बांधायचा पट्टा आठ दिवसांसाठी मागून घेतला. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे त्याला प्रमाण मानले. बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर आणि घट्ट बांधल्यावर दोघांत तीन-चार ठोक्यांचाच फरक राहिला. मात्र २२० वजा वय, म्हणजे माझ्यासाठी १७६, ही जी कमाल मर्यादा बँड गृहीत धरतो ती ढोबळ आहे. व्यक्तीगणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग ठीक, ही कसोटी मला अधिक उपयोगी पडली.

वजनकाट्याचे वजन खरे आहे, त्यातील चरबीची टक्केवारी तशी नाही. काटा तळपायांतून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज बांधतो. शरीरातील पाणी बदलले की उत्तर बदलते. एकाच दिवशी मला सकाळी ३१.२ आणि संध्याकाळी २८.६ टक्के मिळाले आहेत. सावजी मटणाच्या दुसऱ्या दिवशी वजनही किलोभर वाढलेले असते. ती चरबी नसते, मिठाने धरून ठेवलेले पाणी आणि पोटातील अन्न असते. मी रोज सकाळी त्याच फरशीवर वजन करतो आणि सात दिवसांच्या सरासरीखेरीज दुसरे काही पाहत नाही. झोप, ताण आणि ‘शरीराचे वय’ यांबद्दल बँड जे सांगतो ते मी वाचणे सोडले आहे.

धावायला शिकवणाऱ्या ॲपचे मात्र मी मनापासून कौतुक करतो. ‘काउच टू ५के’ ही नऊ आठवड्यांची पद्धत १९९६ मध्ये जॉश क्लार्क यांनी तयार केली. आठवड्यातून तीन दिवस, आधी पाच मिनिटे भरभर चालणे, मग साठ सेकंद धावणे आणि नव्वद सेकंद चालणे, असा पहिला आठवडा असतो. पहिल्या दिवशी ते साठ सेकंददेखील मला संपता संपेनात. चौथा आठवडा मी तीनदा केला आणि नऊ आठवड्यांचा क्रम मला चौदा आठवडे पुरला, पण ॲपने एकदाही टोमणा मारला नाही. सूचना ऐकण्यासाठी कान मोकळे ठेवणारे, गालाच्या हाडावर टेकणारे इअरफोन घेतले, कारण पहाटे रस्त्यावरची कुत्री आणि मागून येणारी वाहने ऐकू येणे गरजेचे असते.

याउलट नोंदीच्या ॲपमधील सलग दिवसांच्या मोजणीने माझे नुकसान केले. नोव्हेंबरात सलग २३ दिवस झाले होते आणि नडगी दुखत असतानाही केवळ आकडा तुटू नये म्हणून मी चोविसाव्या दिवशी धावलो. ॲपने फटाके उडवले आणि मी तीन आठवडे घरी बसलो. याच ॲपने चाचणीचा काळ संपताच न विचारता वर्षभराची वर्गणी कापून घेतली आणि ती परत मिळवायला सहा ई-मेल लागले. बँडचा पट्टा सातव्या महिन्यात तुटला. कंपनीने तो वॉरंटीत बसत नसल्याचे कळवले, तेव्हा बर्डीच्या बाजारात १५० रुपयांत दुसरा मिळाला आणि तो मूळच्या पट्ट्यापेक्षा बरा आहे. घामाने मनगटावर उठणारे पुरळ रोज पट्टा धुवायला लागल्यापासून थांबले.

मार्चच्या मध्यापासून आकडे पुन्हा बिघडलेले दिसू लागले. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने धावताना ठोके बारा ते पंधराने जास्त येऊ लागले आणि मला वाटले की सेन्सर गेला. सेन्सर ठीक होता. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही रक्त पाठवावे लागते आणि आपल्याकडे पहाटे पाचलाही हवा तापलेलीच असते. ॲप हे वजा करीत नाही. त्याने सरळ ‘तुमची क्षमता घटत आहे’ असा निष्कर्ष काढून पुढील आठवड्यात आठ किलोमीटरचा सराव नेमून दिला. त्या दिवशी पारा ४३ वर होता. पहिला पाऊस पडेपर्यंत आता सकाळी अर्धा तास चालायचे आणि वजनाची सरासरी पाहायची एवढेच ठेवले आहे. सरावाची योजना थांबवताना ॲपने कारण विचारले. यादीत दुखापत होती, आजार होता, प्रवास होता, पण ऊन नव्हते, म्हणून मी ‘इतर’ निवडले.